चोथ्याच्या बाजूने

(बी. ए. तृतीय वर्ष)

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या महाविद्यालयात मुलींची रक्ततपासणी झाली. बोटाला सुई टोचून घेताना ज्या खिदळत होत्या, त्यांचे चेहरे हातातल्या चिठ्ठीवरचा आकडा पाहून उतरले. स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असले की त्याला रक्तक्षय म्हणतात, हे आम्हांला तेव्हा कळले. खोलीत आम्ही चौघी राहतो. त्यांपैकी तिघी बाराच्या खाली निघालो आणि एकीचा आकडा तर ८.९ होता. यात नवल करण्यासारखे काही नव्हते म्हणा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया अशाच निघाल्या आहेत. पण पाहणीतला आकडा वाचणे वेगळे आणि आपल्याच पलंगावर बसलेली मैत्रीण जिना चढून धापा टाकते आहे हे पाहणे वेगळे.

त्यानंतर आठच दिवसांत आमच्या सगळ्या मजल्यावर हिरव्या पेल्याची साथ आली. कुणीतरी मोबाईलवर पाहिले होते की, रोज सकाळी कच्चा पालक आणि फळ एकत्र वाटून प्यायले की रक्त वाढते, कांती उजळते, केस गळायचे थांबतात. या पेयाला ‘स्मूदी’ म्हणतात. सुळसुळीत, मऊ, घशाखाली विनातक्रार उतरणारी ती स्मूदी. चित्रातली बाई पेला उंचावून हसत होती आणि पेल्यातला पदार्थ साय धरलेल्या दुधासारखा एकजीव दिसत होता.

आमच्या पेल्यात जे पडले ते मात्र गवत होते.

मिक्सर माझ्या आईचा. तिच्या लग्नात आलेला, पाचशे वॅटचा. तो गोधडीत गुंडाळून मी एस.टी.च्या बाकाखाली ठेवून औशाकडून लातूर, अहमदपूर, लोहा असा नांदेडला आणला होता. पहिल्या दिवशी आम्ही एक जुडी पालक ओबडधोबड चिरला, मोठ्या भांड्यात कोंबला, वरून दोन पेले पाणी ओतले आणि खटका फिरवला. दोन मिनिटांनी झाकण काढले तर झाकणाला आतून पानांचे तुकडे चिकटलेले, मध्ये फेस आणि तळाशी हिरवे पाणी. प्यायला घेतले तर दातांत दोरे अडकले. दुसऱ्या दिवशी ठरवले की जास्त वेळ फिरवू. पाचव्या-सहाव्या मिनिटाला जळका वास आला आणि यंत्र गप्प झाले. बुडाशी एक लाल कळ असते, ती दाबून थोडा वेळ थांबले की ते पुन्हा सुरू होते, ही विद्या त्या दिवशी शिकलो. तिसऱ्या दिवशी एकीने आपली जुनी ओढणी फाडली आणि सगळा काला गाळून घेतला. पेल्यात आले ते नितळ हिरवे पाणी. ओढणीत मुठीएवढा चोथा उरला. तो आम्ही मोरीत टाकला. चार दिवसांत मोरी तुंबली आणि घरमालकीणबाईंनी आमचा उद्धार केला तो निराळा.

माझा हा लेख त्या चोथ्याच्या बाजूने आहे.

पण त्याआधी यंत्राविषयी दोन शब्द, कारण पुष्कळशा मैत्रिणींचे म्हणणे असे पडले की दोष यंत्राचा. आपले मिक्सर सामान्य, परदेशी यंत्रे आणली की पालकाचे लोणी होते. त्या यंत्रांची ताकद आमच्या मिक्सरच्या दुपटीहून अधिक असते हे खरे. पण त्यांची किंमत आमच्या वर्षाच्या खोलीभाड्याच्या घरात जाते, हेही तितकेच खरे. मुळात भांड्याच्या तळाशी फिरते पाते बसवण्याची कल्पना आली ती पालकासाठी नव्हेच. अमेरिकेत पॉप्लॉव्स्की नावाच्या गृहस्थाने १९२२च्या सुमारास अशा यंत्राचे पेटंट घेतले ते सोडा फाउंटनवरची दुधाची पेये घुसळण्यासाठी. पुढे १९३७ साली फ्रेड वॉरिंग या वाद्यवृंदाच्या चालकाने आपल्या नावाचे यंत्र बाजारात आणले. म्हणजे ती वंशावळ पातळ पेयांची.

आपल्या मिक्सरची कुळकथा वेगळी आहे. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंते होते. त्यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्याकडचे वाटणघाटण सोसू शकला नाही, जळाला, आणि दुरुस्तीची सोय इथे नव्हती. तेव्हा त्यांनी स्वतःच दणकट मोटर तयार केली आणि १९६३ साली ‘सुमीत’ बाजारात आला. सुमीत म्हणजे चांगला मित्र. सुके खोबरे, भिजलेली डाळ, हळकुंड, मिरची अशा कठीण वस्तूंचा सामना करण्यासाठी जन्मलेले हे यंत्र आहे. जड वस्तू आपल्या वजनाने पात्यावर पडते आणि फुटते. पान हलके असते. ते पाण्यावर तरंगते, पात्याच्या भोवऱ्याबरोबर वर फेकले जाते आणि भिंतीला चिकटून बसते. खाली पाते एका पोकळीत भणभणत राहते. रिकामे असताना ते मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते म्हणतात, पण ज्याच्याशी गाठच पडत नाही त्याला ते कापणार कसे? वरून आम्ही दोन पेले पाणी ओतून पानांना पळायला अंगण मोठे करून दिले होते.

दुसरी गोष्ट अशी की पाते कापते, पाटा चिरडतो. या दोन क्रियांत फार अंतर आहे. पाट्याला टाकी लावून मुद्दाम खरखरीत करतात आणि त्या खरखरीत दगडावर वरवंट्याचा भार घासला की मऊसूत गोळा निघतो. दगड जितका गुळगुळीत झालेला, तितके वाटण जाडेभरडे. मिक्सरमध्ये मात्र पानाचा लांब दोरा आडवा कापला जाईल तेवढाच. दोरा चुकून पात्याला समांतर गेला की तो तसाच्या तसा राहिला.

हे सगळे मला मिक्सरपुढे बसून सुचले नाही. ते घरी गेल्यावर, चुलीपुढे कळले.

आमचे गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात जुने घर गेले. आजोबांनी दगडमातीच्या ढिगाऱ्यातून ज्या वस्तू काढल्या त्यांत आजीचा पाटा होता. सरळ रेषेतल्या नव्या घरांच्या वस्तीत तो तिच्याबरोबर आला आणि आजही मोरीशेजारी उभा टेकवलेला असतो. जानेवारीत मी घरी गेले तेव्हा आजी अंबाडीची भाजी करीत होती. मी तिला आमच्या हिरव्या पेल्याची कर्मकहाणी सांगितली. तिने विचारले, “पाला कच्चाच वाटायलाव का गं?” मी हो म्हटले. “देठं काढलाव का?” मी गप्प. “धुतलाव तरी का?” मी म्हटले, नळाखाली धरतो. त्यावर ती जे हसली ते मला जन्मभर पुरेल.

तिची रीत मी पुष्कळदा पाहिली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. परातीत पाणी घेऊन पाला त्यात बुडवायचा, हाताने हलवायचा, मग पाणी ओतून न देता पाला वरच्या वर उचलून घ्यायचा. काळी माती तळाशी बसते. परात उपडी केली की तीच माती पुन्हा पाल्यावर येते. आमच्या पेल्यातली अर्धी करकर ही दोऱ्यांची नव्हतीच, ती मातीची होती. अंबाडीचा पाला मग ती उकडते, पिळते, आंबट पाणी टाकून देते. ज्वारीच्या कण्या आणि थोडी तूरडाळ शिजलेली असते. हे सारे एकत्र करून लाकडी रवीने घोटायचे. आणि इथे खरी मेख आहे. घोटताना ती पाणी घालीत नाही. गोळा घट्ट असतो तोवर घोटते, मनगट दुखेपर्यंत घोटते, आणि पाला व कण्या एकजीव झाल्या की मग एकेक पळी गरम पाणी सोडते. मी विचारले, आधीच पाणी घातले तर घोटायला सोपे नाही का जाणार? “पाण्यात घोटलं की पाला पळतो,” ती म्हणाली. भोवऱ्याचे आणि पोकळीचे सारे शास्त्र या पाच शब्दांत आले.

नांदेडला परतल्यावर मी तोच क्रम मिक्सरला लावला. कोवळी पाने तेवढी घ्यायची, जाड देठ आणि जून पानाची मधली शीर काढून भाजीसाठी बाजूला ठेवायची. पाला परातीत दोन-तीन पाण्यांनी धुवायचा. उकळत्या पाण्यात जेमतेम मिनिटभर बुडवून लगेच माठातल्या गार पाण्यात टाकायचा. त्याने पान मऊ पडते आणि रंगही हिरवागार राहतो. मग मोठे भांडे नको, चटणीचे लहान भांडे घ्यायचे. तळाशी एखादे पिकलेले केळे आणि दोन-तीन चमचे पाणी, त्यावर पिळलेला पाला. खटका एकदम पूर्ण न फिरवता थांबून थांबून झटके द्यायचे, मधून झाकण काढून कडेचा पाला चमच्याने खाली सारायचा. गोळा मलमासारखा झाला, बोटांत चोळून कण लागेनासा झाला, की मगच तो मोठ्या भांड्यात काढून गार पाणी किंवा ताक घालायचे आणि पुन्हा अर्धा मिनिट फिरवायचे. लिंबू शेवटी पिळायचे, आधी पिळले तर रंग शेवाळी होतो. मिक्सर फार तापू द्यायचा नाही, पाच मिनिटे चालला की दोन मिनिटे विश्रांती.

केळ्याविषयी थोडे जास्त लिहिते, कारण त्यात आमच्या जिल्ह्याचा अभिमान आहे. अर्धापूरची केळी कुणाला सांगायला नकोत. पिकलेले केळे नुसती गोडी देत नाही, ते पाल्याच्या बारीक कणांना धरून ठेवते, त्यामुळे खाली गाळ आणि वर पाणी असे होत नाही. भाजीत जे काम कण्या करतात तेच पेल्यात केळे करते. पेरू घालून पाहिला, बियांनी घात केला. सीताफळाच्या वाटेला जाण्याचे धाडस झाले नाही.

त्या सकाळी आम्ही चौघींनी न गाळता पेला प्यायला. दातांत काही अडकले नाही. यंत्र तेच होते, पाचशे वॅटचे, आईच्या लग्नातले.

आता माझा मुद्दा. गाळायला माझा विरोध आहे तो केवळ मोरी तुंबते म्हणून नाही. पाला खायचा तो बव्हंशी ज्यासाठी, तेच आपण ओढणीत ठेवून फेकतो आणि हिरवे पाणी पिऊन स्वतःवर खूश होतो. मला वाटते या गाळण्यामागे एक जुनी खोड आहे. जे जाडेभरडे ते गावठी आणि जे गुळगुळीत ते सुधारलेले, असे आपण मनाशी धरून बसलो आहोत. लातूरला शिकवणीसाठी राहत होते तेव्हा गावाहून एस.टी.ने माझा डबा येई. त्यात घोटलेली भाजी आणि ज्वारीची भाकरी असली की मी डबा भिंतीकडे तोंड करून खात असे. शेजारच्या मुलीच्या डब्यात मैद्याची पांढरीशुभ्र पोळी असे. तीच घोटलेली हिरवी भाजी फोडणीशिवाय, काचेच्या पेल्यात, परदेशी नावाने आली तेव्हा मी तिच्यासाठी सकाळी सहाला उठू लागले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्या काही गुरुजनांना मात्र इथे थांबवले पाहिजे. त्यांच्यापैकी एकाने हा विषय ऐकून मला शाबासकी दिली आणि म्हणाले, “म्हणजे पाटा-वरवंटाच बरा होता.” सर, क्षमा करा, पण पाटा बरा नव्हता. आजीचे गुडघे आणि कंबर पाहिल्यावर कुणी असे म्हणू नये. आई सांगते, मी लहान असताना गावाकडे बारा-बारा तास भारनियमन असे. वीज गेली की उभा पाटा आडवा व्हायचा आणि स्वयंपाकाचा वेळ दुप्पट व्हायचा. मिक्सरने आमच्या घरातल्या दोन बायकांची जी सुटका केली तिची किंमत, पाट्यावरच्या चटणीच्या चवीचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी ठरवू नये. आजीकडून घ्यायचा तो क्रम, तिची कंबरदुखी नव्हे.

आणि पाण्याचे काय? तीन पाण्यांनी पाला धुवा म्हणणे नांदेडला गोदावरीकाठी सोपे आहे. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले होते. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मी तेव्हा शाळकरी होते, पण त्या उन्हाळ्यात घरात पालेभाजी आली नाही हे आठवते. ती धुवायला पाणी कुठले आणायचे? परातीत बुडवून उचलण्याची रीत अशाच मुलखात रुजणार. नळाखाली जुडी धरून पाणी सोडून देणारी मी पुष्कळ शिकले होते, पण एवढे शिकले नव्हते. धुण्याचे ते पाणी आता आम्ही गच्चीवरच्या तुळशीला आणि कढीपत्त्याला घालतो.

आता जी गोष्ट लिहायला मी टाळत होते ती. खोलीतल्या ज्या मैत्रिणीचा आकडा ८.९ होता तिला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी तिला मळमळे. हिरवा पेला सुरू झाल्यावर तिने गोळ्या बंद केल्या. “एवढा पालक पितेय की,” ती म्हणायची, आणि आम्हीही मान डोलवायचो. मार्चमध्ये पुन्हा तपासले तेव्हा आकडा ८.४ झाला होता. परीक्षेच्या आठवड्यात ती वर्गात चक्कर येऊन पडली. पालकात लोह आहे, पण त्यातले फारच थोडे अंगी लागते, हे आम्हांला नंतर समजले. त्यात ऑक्झलेट नावाचे द्रव्यही पुष्कळ असते. तेच मूतखड्याचे एक कारण आहे, म्हणून ज्यांना तो विकार आहे त्यांनी रोज कच्च्या पालकाचे पेले रिचवू नयेत. उकडून पाणी टाकले की ते काही प्रमाणात कमी होते, जाताना काही जीवनसत्त्वेही घेऊन जाते ही गोष्ट अलाहिदा. लिंबाने लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच घेतलेला चहा उलट काम करतो. आणि आम्ही तर हिरवा पेला संपवून लगेच चहाला बसत होतो! पेला कितीही मऊ झाला तरी तो आहार आहे, औषध नव्हे. ज्या चित्रातल्या बाईने रक्त वाढण्याचे वचन दिले होते ती माझ्या मैत्रिणीला पडताना सावरायला आली नव्हती. आम्हीही वेळेवर बोललो नाही.

ती आता डॉक्टरांनी बदलून दिलेल्या गोळ्या जेवणानंतर घेते. मळमळ कमी आहे. ऑगस्टमध्ये तिचा आकडा १०.६ आला, तेव्हा खोलीत पेढे वाटले. पेलाही चालू आहे, पण रोज नाही, आठवड्यातून तीनदा, आणि कधी पालकाऐवजी राजगिऱ्याचा नाहीतर शेवग्याचा कोवळा पाला. भांडे धुण्याची पाळी लावली आहे, कारण हिरवा गोळा पात्याखाली वाळला की निघता निघत नाही. सुरुवातीला पंधरा दिवस ते काम एकटी मीच करीत होते हे इथे नोंदवून ठेवते. देठे आणि शिरा आता मोरीत जात नाहीत, त्यांची डाळ घालून भाजी होते. घरमालकीणबाई परवा वाटी घेऊन आल्या होत्या.

दसऱ्याला घरी गेले तेव्हा मिक्सरही बरोबर नेला आणि आजीला एक पेला करून दिला. पालक, केळे, ताक, वरून लिंबू. तिने पेला उजेडाकडे धरून पाहिला, वास घेतला, एक घोट घेतला, जीभ टाळूला लावून बराच वेळ कण शोधला. कण सापडला नाही. मग तिने पेला माझ्या हातात परत दिला.

“मऊ झालाय,” ती म्हणाली, “पर फोडणी द्यायची इसरलीस की माय.”